मजा तुमची, धंदा त्यांचा, पैसा कुणाचा?

पहिला दमदार पाऊस पडला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज ठरलेला असतो. ‘रविवारी लोणावळा?’ मग कुणी लोकलचं टायमिंग टाकतं, कुणी वॉटर पार्कची ऑफर, कुणी टायगर पॉइंटच्या धुक्यातलं रील. खर्चाचं गणितही तिथेच मांडलं जातं. तिकीट, वडापाव, मक्याचं कणीस, येताना घरच्यांसाठी चिक्की. या गणितात एक आकडा मात्र कधीच नसतो. तुमच्या या मजेसाठी सरकारनं, म्हणजे सहलीला न आलेल्या लोकांनीही, किती पैसे भरले?

‘आम्ही कुठे टॅक्स भरतो?’ असं म्हणू नका. मोबाइलच्या रिचार्जपासून बुटांपर्यंत प्रत्येक खरेदीत तुम्ही जीएसटी भरता. इन्कम टॅक्स भरण्याइतकी कमाई नसेल, पण सरकारच्या तिजोरीत तुमचेही पैसे आहेत. त्यामुळे करमणुकीच्या खासगी धंद्याला त्या तिजोरीतून मदत द्यावी का, या प्रश्नावर मत असण्याचा हक्क तुम्हालाही आहे. आणि हा प्रश्न समजून घ्यायला मावळ तालुक्यासारखी जागा नाही. वॉटर पार्क, रिसॉर्ट, क्रिकेटचं स्टेडियम, धरणं, किल्ले, लेणी आणि शनिवार-रविवारचा ट्रॅफिक जॅम, सगळं एकाच तालुक्यात आहे.

न दिसणारं अनुदान

अनुदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो चेक. पण करमणुकीच्या उद्योगांना मिळणारी मदत बहुतेक वेळा ‘न घेतलेल्या’ पैशांची असते.

जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नवं पर्यटन धोरण मंजूर केलं. दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची खासगी गुंतवणूक आणायची आणि सुमारे १८ लाख रोजगार उभे करायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी पर्यटन प्रकल्पांना राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात सूट अशा सवलती देऊ केल्या आहेत. हा प्रकार नवा नाही. घाट उतरल्यावर खोपोलीजवळ लागणारं, २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका पार्क राज्याच्या आधीच्या पर्यटन धोरणाखाली ‘मेगा प्रकल्प’ ठरलं होतं आणि त्यानुसार सवलतींना पात्र होतं.

जीएसटीचा परतावा म्हणजे काय, ते एका तिकिटावरून बघू. अम्युझमेंट पार्कच्या तिकिटावर आधी २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. समजा, तिकिटाची मूळ किंमत १००० रुपये आहे. तुम्ही ११८० देता. वरच्या १८० रुपयांतले ९० केंद्राचे, ९० राज्याचे. आता परतावा मंजूर असलेल्या प्रकल्पाला राज्य आपल्या वाट्यातले पैसे परत देतं. प्रत्यक्षात कंपनीनं आधी भरलेल्या कराची वजावट वगैरे भानगडी असतात, त्यामुळे सगळेच्या सगळे ९० परत जातात असं नाही. पण तत्त्व हेच. तुमच्या पावतीवर ‘कर’ म्हणून छापलेली रक्कम शेवटी धंद्याकडेच वळते आणि तुम्हाला वाटत राहतं की आपण सरकारला टॅक्स दिला.

यात बेकायदा काहीच नाही. धोरण जाहीर आहे, नियम छापलेले आहेत. अडचण वेगळी आहे. सरकारनं शाळेच्या छपरावर दहा कोटी खर्च केले तर ते खर्च म्हणून दिसतात, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. दहा कोटींचा कर सोडून दिला तर ते पैसे तिजोरीत आलेलेच नसतात. मग त्यांचा हिशेब मागायचा कुणी आणि कुणाला?

गहुंज्याचं पाणी

दुसरा प्रकार म्हणजे सरकारी सेवा स्वस्तात देणं. याचं उदाहरण एक्स्प्रेस-वेवरून जाताना दिसतं, गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम.

२०१८ चा आयपीएल आठवा. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने पुण्यात, म्हणजे गहुंज्याला आले. धोनी आपल्या दारात आला म्हणून आपण सगळे खूश. त्याच एप्रिल महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं या मैदानासाठी पवना नदीचं पाणी वापरायला मनाई केली. उद्योगांसाठी राखलेलं पाणी क्रिकेटच्या मैदानाला कसं काय देता, असा तो वाद होता.

बाहेरच्यांना ही बातमी किरकोळ वाटली असेल, मावळात तशी वाटणं शक्य नव्हतं. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथे एक्स्प्रेस-वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या पाण्यासाठी तालुक्यात माणसं मेली, ते पाणी खेळपट्टीवर मारायचं की नाही, हा तिथे हिशेबाच्या पलीकडचा प्रश्न आहे. पाणी, जमीन, पोलीस, रस्ता, या गोष्टी सरकार जेव्हा एखाद्या धंद्याला सहज मिळवून देतं, तेव्हा तेही अनुदानच असतं. फक्त त्याला त्या नावानं कुणी ओळखत नाही.

पोलिसांचंच बघा. क्रिकेट सामन्याच्या बंदोबस्तासाठी आयोजकांनी सरकारला शुल्क द्यायचं असतं. मुंबईतल्या टी-२० सामन्यासाठी हे शुल्क ७५ लाख रुपयांपर्यंत गेलं होतं. जून २०२३ मध्ये शासन निर्णय काढून राज्यानं ते १० लाखांवर आणलं आणि ही कपात थेट २०११ पासून लागू केली. थकबाकी ठेवणाऱ्यांना याहून मोठी भेट कुठली? त्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला याचा जाब विचारला. तुमच्या कॉलेजची फी उशिरा भरली तर दंड लागतो. इथे जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट व्यवस्थेला मागच्या बारा वर्षांची सूट.

काचेचा पूल, लोखंडी पूल

तिसरा प्रकार सर्वांत देखणा. सरकार स्वतःच आकर्षण बांधतं आणि त्याच्या आजूबाजूला खासगी धंदा बहरतो.

कुरवंडे हे लोणावळ्याला लागून असलेलं गाव. टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंट तिथेच. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी लोणावळ्याच्या ग्लास स्कायवॉकसाठी ३३३ कोटी ५६ लाख रुपयांचा प्रकल्प जाहीर केला. दरीवर काचेचा पूल, सोबत झिपलाइनसारखे साहसी खेळ, फूड पार्क, ॲम्फीथिएटर अशी त्याची कल्पना आहे. कागदावर प्रकल्प सरकारी आहे. पण असं काही उभं राहिलं की आसपासच्या जमिनीचे, रिसॉर्टच्या खोल्यांचे, पार्किंगचे भाव वाढतात. तो फायदा ज्यांच्याकडे आधीच जमीन आणि खोल्या आहेत त्यांचा. खेळ चालवायला ठेकेदार लागतो. नफा त्याचा किती, सरकारचा किती, दुरुस्ती कुणाकडे, हे ठरतं करारात. आणि करार आपण कधी वाचत नाही.

याच कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. तिच्याच पात्रावर खाली, तळेगाव दाभाडेजवळ, कुंडमळा आहे. १५ जून २०२५, रविवार. तिथला जवळपास तीस वर्षं जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचं आधीच माहीत होतं. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूरही झाले होते. काम सुरू होण्याआधी जुना पूल पडला.

दोन आकडे शेजारी ठेवा. ३३३ कोटी आणि आठ कोटी. एका स्कायवॉकच्या रकमेत कुंडमळ्यासारखे चाळीस पूल होतात. एक रद्द केला की दुसरा आपोआप होईल, इतकं सरळ हे नाही, दोन्हींची खाती आणि मंजुरीचे रस्ते वेगळे असतात. पण सरकारच्या उत्साहाचा अंदाज मात्र यातून येतो. ज्या कामाचं उद्घाटन दिमाखात होतं त्याचे कागद भराभर पुढे सरकतात. ज्या कामाचं यश म्हणजे ‘काहीही घडलं नाही’ एवढंच असतं, ते टेबलावर पडून राहतं.

त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. अशा वेळी पाण्यात कोण उतरतं? पोलीस, प्रशासन आणि त्यांच्या बरोबरीनं ‘शिवदुर्ग मित्र’ या लोणावळ्यातल्या बचाव पथकाचे स्वयंसेवक. आपली कामं सोडून येणारी स्थानिक माणसं. लोणावळ्याचं पर्यटन कुणाच्या जिवावर उभं आहे याचा हिशेब करायचा, तर या माणसांनी दिलेला फुकटचा वेळही त्यात धरायला हवा.

पण नोकऱ्यांचं काय?

सवलतींच्या बाजूनं जे बोलतात त्यांचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा रोजगाराचा. मावळच्या लोकांनी धरणांना, एक्स्प्रेस-वेला, एमआयडीसीला जमिनी दिल्या. तिथल्या मुलांना गावाजवळ काम मिळत असेल तर पुण्यात बसून नाक मुरडणारे आपण कोण? पार्कमध्ये तिकीट फाडणाऱ्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत कामं निघतात, भाजीवाल्याला आणि रिक्षावाल्याला गिऱ्हाईक मिळतं.

दुसरा मुद्दा जोखमीचा. थीम पार्क उभं करायला प्रचंड भांडवल लागतं, परतावा यायला वर्षं जातात. इमॅजिकाचंच बघा. कर्जाचं ओझं पेलवेना झालं, त्यात कोविडमध्ये पार्क बंद राहिलं आणि शेवटी २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन ते मालपाणी समूहाकडे गेलं. असा धोका पत्करणाऱ्याला सरकारनं सुरुवातीला हात दिला तर बिघडलं कुठे? आपण नाही दिला तर शेजारचं राज्य देईल, हाही युक्तिवाद असतोच.

मला यातला रोजगाराचा मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. कारण एक साधा प्रश्न उरतो. सवलत नसती तर हा धंदा इथे आलाच नसता का?

विदर्भातल्या एखाद्या कोपऱ्यात, जिथे चांगला रस्ता नाही आणि हॉटेलही नाही, तिथे कुणी पर्यटन केंद्र काढत असेल तर याचं उत्तर ‘नसता आला’ असं असू शकतं. तिथे सवलतीला अर्थ आहे. लोणावळ्याचं काय? एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे, मधून एक्स्प्रेस-वे, जुना हायवे आणि रेल्वे. राज्यातलं सर्वांत जास्त पैसा असलेलं गिऱ्हाईक दोन तासांच्या अंतरावर. रेल्वेनं आणि रस्त्यांनी, म्हणजे पुन्हा सार्वजनिक पैशानंच, लोणावळ्याला ही जागा मिळवून दिली आहे. इथे धंदा काढणाऱ्याला आणखी कशाचं आमिष हवं? चिक्कीवाल्यांनी कुठल्या मेगा प्रकल्पाच्या दर्जाची वाट पाहिली नव्हती.

शिवाय तुमच्या खिशातले पैसे मर्यादित असतात. महिन्याला फिरण्यासाठी १५०० रुपये असतील आणि ते तुम्ही वॉटर पार्कमध्ये घालवले, तर ते एफसी रोडवरच्या कॅफेत किंवा थिएटरमध्ये जात नाहीत. म्हणजे पार्कचा सगळा धंदा ‘नवा’ नसतो, त्यातला बराचसा दुसरीकडून सरकलेला असतो. अमेरिकेत सार्वजनिक पैशातून बांधलेल्या स्टेडियमवर अर्थतज्ज्ञांनी अनेक दशकं अभ्यास केला आहे, आणि त्यांचा निष्कर्ष साधारण हाच आहे. स्टेडियममुळे शहराची भरभराट होईल असं सांगितलं जातं, प्रत्यक्षात स्थानिक फायदा घातलेल्या पैशाच्या मानानं तोकडा निघतो.

आणि लोणावळ्याचं दुखणं माणसं येत नाहीत हे नाहीच, ती एकाच वेळी झुंडीनं येतात हे आहे. २०११ च्या जनगणनेत लोणावळा शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. तेवढ्या वस्तीच्या नगर परिषदेनं पावसाळी रविवारचा कचरा, पाणी, वाहनं सांभाळायची. दुकानाबाहेर रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना कुणी जाहिरातीवर खर्च करतं का?

मग पैसा घालायचा कुठे?

सरकारनं करमणुकीवर खर्चच करू नये, असं माझं म्हणणं नाही. उलट जास्त करावा. फिरणं, पाण्यात भिजणं, डोंगर चढणं ही श्रीमंतांची मक्तेदारी नसावी. फक्त तो खर्च अशा गोष्टींवर व्हावा ज्यांना दारात तिकीट लागत नाही, आणि ज्या कुठलाही व्यापारी स्वतःहून करणार नाही.

धबधब्यांजवळ रेलिंग आणि प्रशिक्षित जीवरक्षक. पाणी वाढलं की वाजणारा भोंगा. स्वच्छ शौचालयं, विशेषतः मुलींसाठी. लोणावळा स्टेशनपासून भुशी आणि टायगर पॉइंटपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बस, म्हणजे गाडी नसलेल्यालाही जाता येईल आणि अँब्युलन्सला रस्ता मोकळा मिळेल. कार्ला-भाजे लेण्यांच्या पायथ्याला नीट माहिती देणारे स्थानिक गाइड. लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तिथली गर्दी आता वाढणारच, तर आधी वाटा आणि कचऱ्याची सोय. यातून धंदा होत नाही असं समजू नका. रस्ता सुरक्षित झाला की कणीस विकणाऱ्या मावशींपासून पंचतारांकित रिसॉर्टपर्यंत सगळ्यांना फायदा होतो, एकाच कंपनीला नाही.

आणि एखाद्या खासगी प्रकल्पाला सवलत द्यायचीच असेल, तर तीन अटी असाव्यात. एक, सवलतीची रक्कम दरवर्षी प्रकल्पाच्या नावासह जाहीर व्हावी. दोन, किती स्थानिकांना, किती पगारावर आणि किती महिने काम मिळालं ते मोजावं. आकडा गाठला नाही तर सवलत थांबावी. तीन, सवलतीला शेवटची तारीख असावी आणि ती पुढे ढकलली जाऊ नये. बँक आपल्याला शैक्षणिक कर्ज देताना याहून जास्त कागद मागते.

तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही अर्थशास्त्राला असाल, पत्रकारितेला, आर्किटेक्चरला किंवा इंजिनीअरिंगला, प्रोजेक्टसाठी विषय शोधतच असता. हा घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. पर्यटन संचालनालयाला विचारा, पुणे जिल्ह्यातल्या कुठल्या प्रकल्पांना गेल्या पाच वर्षांत किती परतावा मिळाला? स्कायवॉक चालवणार कोण, उत्पन्नाची वाटणी कशी, दुरुस्ती कुणाकडे? सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारा, मावळातल्या किती पुलांची तपासणी झाली आणि कितींवरून पाटीवर ‘धोकादायक’ लिहूनही लोक जातायत? तुमच्यापैकी जे मावळचे आहेत त्यांना तर ग्रामसभेतही हे विचारता येईल.

काचेच्या पुलावर उभं राहून दरी बघायला मलाही आवडेल. पण त्याच परिसरात उगम पावणारी नदी पुढे ज्या गावांतून जाते, तिथले साधे पूल आधी धड असावेत. यंदा ग्रुपवर ‘रविवारी लोणावळा?’ आलं की जरूर जा. फक्त तिकिटाची पावती फेकू नका. कराची ओळ वाचा, आणि ते पैसे कुठे जातात ते विचारा.